यशूच्या उजव्या हातावरची वेल

तुमच्या एखाद्या मतामुळे घरातलं माणूस गेलं, असं तुमच्या बाबतीत कधी झालं आहे का? लगेच 'नाही' म्हणू नका. महिन्याभरापूर्वी मला कोणी हे विचारलं असतं, तर मीही हसून 'नाही' म्हटलं असतं आणि वर सुनावलं असतं, की माणसं मतांमुळे मरत नाहीत, मतं नसल्यामुळे मरतात. असली वाक्यं मला पटकन सुचतात. आता ती सुचली की भीती वाटते.

यशू, प्रश्न वाचणाऱ्यांना विचारला असला तरी बोलायचं आहे ते तुझ्याशी. तुला जाऊन सोळा दिवस झाले. जलदान विधी झाला, नागपूरहून आलेले पाहुणे परतले, मांडववाल्याने खुर्च्या नेल्या. विहारातले लोक मला म्हणाले, तू लिहितेस, तर आपल्या पुस्तिकेसाठी यशोधरेवर चार शब्द लिही. जन्म, शिक्षण, मनमिळाऊ स्वभाव, असं. तू मनमिळाऊ नव्हतीस. दिल्लीत मुनिरकातल्या आपल्या भाड्याच्या खोलीत तीन वर्षं तू माझी मावसबहीण कमी आणि विरोधी पक्ष जास्त होतीस. कूलरचं तोंड कोणाकडे, यावरून आपण दर उन्हाळ्यात भांडलो. माझं भाषण रंगात आलं की तू "अच्छा, बिल्कुल" म्हणत कांदा चिरायला घ्यायचीस. ते चार शब्द राहू देत.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढे मला लपायला जागा राहणार नाही. तू त्या दुकानात जाणार हे मला माहीत होतं. वार माहीत होता, वेळ माहीत होती. तू मला सोबत बोलावलं होतंस आणि मी आले नाही. मावशीला, म्हणजे तुझ्या मम्मीला, हे माहीत नाही. ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "पोरीनं कोणालाच सांगितलं नाही हो. आमच्या मित्राला सांगितलं असतं, तर तिनं जाऊच दिलं नसतं." मित्रा म्हणजे मी. असं म्हणताना ती माझ्याकडे बघते आणि मी मान हलवते. हा लेख छापून येण्याआधी तिला हे माझ्या तोंडून कळायला हवं. हे लिहिते आहे तोवर कळलेलं नाही.

मी कशी घडले ते तुला पाठ आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते. माझ्या बाबांनी आयुष्यभर पत्रकं काढली. दिवसा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका कार्यालयात कारकुनी, संध्याकाळी मजकूर, रविवारी वाटप. मी वाचायला शिकले ते पत्रकांवर. हुंड्यावर, बुवाबाजीवर, दारूवर. एक पत्रक गोंदणावर होतं. ज्या देवांच्या दारात आपल्या आज्यांना उभं करत नव्हते, त्यांचीच नावं त्यांच्या हातांवर टोचली जात होती. आता आपण मोकळे झालो, तर अंग कोरं ठेवा, असा त्याचा आशय. आठवीत असताना मी ते विहारात घडाघडा म्हणून दाखवलं होतं. तू पहिल्या रांगेत बसून जांभई दिली होतीस. घरी येताना विचारलंस, "गोंदण म्हणजे काय?" मी म्हटलं, टॅटू. "मग टॅटू म्हण ना यार," तू म्हणालीस. दिल्लीत वाढलेल्या तुझ्या मराठीत हा शब्द तोपर्यंत आलाच नव्हता.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, वाटाण्याच्या शेंगा सोलत तू जेव्हा ते सांगितलंस, तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार होतं.

"ताई, मी शनिवारी टॅटू काढायला चाललेय."

"कशाचा?"

"वेल. पाच पानं. मनगटापासून वर."

"कशाचं प्रतीक?"

"कशाचंच नाही. वेल आहे."

"मग कशाला?"

"छान दिसेल म्हणून."

मला राग आला. छान दिसेल हे मला कारण वाटतच नव्हतं. मी म्हटलं, "दुकानदाराच्या वहीतलं चित्र निवडायचं, शंभर पोरींच्या हातावर तेच, आणि प्रत्येकीला वाटतं मी वेगळी. बाजाराने विकलेली शाई आहे ती. करायचंच तर काही अर्थाचं तरी कर. निळं चक्र कर."

"म्हणजे तुला माझ्या हातावर पण पत्रक छापायचंय?" तू म्हणालीस. "जागा नाही तेवढी, पत्रकबाई. तुझं एक वाक्य पण मावणार नाही."

मग तू जरा मऊ झालीस. म्हणालीस, डाव्या खांद्यावर काढते, कपड्यात झाकलं जाईल, मम्मी ओरडणार नाही. तिथे हा विषय संपला असता. झाकलेली वेल घेऊन तू आज मैदानावर धावत असतीस. पण मी जिंकत आले होते आणि मला पूर्ण जिंकायचं होतं. मी म्हटलं, "लपवायचं असेल तर काढूच नकोस. एवढं आवडतं ना? मग उघड्यावर काढ. ज्या हाताने लिहितेस त्या हातावर काढ. उजव्या."

मला वाटलं तू माघार घेशील. तू शेंगांची टरफलं गोळा केलीस, उठलीस आणि म्हणालीस, "चलो, उजवा."

तेव्हा तू बँकेच्या परीक्षा देत होतीस. बँकेत कोणी कोणाला सलाम ठोकत नाही.

पुढच्या रविवारी आपण गाझियाबादला मावशीकडे गेलो. मावशी ओरडेल, अशी मला आशा होती. तिने तुझा हात धरून तुला खिडकीशी नेलं. उजेडात हात उलटा केला, सुलटा केला.

"हिरवा असता तर अजून खुलला असता," ती म्हणाली. "आमच्या वेळी हिरवाच उमटायचा."

"मावशी, तुझ्या हनुवटीवरचं गोंदण काढताना तुला कोणी विचारलं होतं का?" मी म्हटलं. "सहा वर्षांची होतीस तू."

"नाही विचारलं. दोघींनी धरलं होतं मला. लई दुखलं."

"मग?"

"मग काय? अजून राग येतो. पण हे तीन ठिपके गेले तर आरशात मी कोण दिसेन?" तिने तुझा हात सोडला. "हिचं हिनं स्वतः ठरवलं. मला आवडलं."

परतताना मेट्रोत मी तुला म्हणाले, मावशीकडे विचारसरणी नाही. तू कानात हेडफोन घातलेस. आज वाटतं, त्या घरात स्वच्छ विचार केला तो एकट्या मावशीनेच.

आणि जे तुला मी कधी बोलले नाही ते हे, की मला ती वेल सुंदर वाटायची. तू कणीक मळायला बसलीस की पानं हलायची. पिठात मनगट बुडायचं, सगळ्यात खालचं पान पांढरं व्हायचं, आणि मी पुस्तक डोळ्यांसमोर धरून तुझ्या हाताकडे बघत बसायचे. एकदा तू पकडलंस. "काय बघतेस?" मी म्हटलं, "कणीक सैल झालीय."

वेल काढल्यावर वर्षभराने तू बँकेचा नाद सोडलास. सकाळी धावायला जाताजाता तुला कळलं होतं की आपल्याला बसून काम करायचं नाही. केंद्राच्या एका दलात उपनिरीक्षकाची जागा निघाली, तू अर्ज भरलास. अभ्यास केलास, लेखी पास झालीस. धावण्याच्या चाचणीत तुझ्या गटात दुसरी आलीस. त्या दिवशी तू खोलीत आलीस ती बुटांसकट गादीवर पडलीस आणि म्हणालीस, "ताई, आता फक्त मेडिकल. मेडिकल म्हणजे काय, वजन, उंची, डोळे. झालंच."

मैदानावरच्या एका मोठ्या मुलीने तुझा हात पाहिला आणि विचारलं, "उजवा?" एवढंच. तू घरी येऊन नियम शोधलास. डाव्या हातावर, ठरावीक मर्यादेत, चालतं. उजवा हात सलामीचा. तो कोरा हवा.

नियम वाचून झाल्यावर तू माझ्याकडे बघितलंस. शेंगा सोलतानाचं ते बोलणं तुला आठवत होतं, मला आठवत होतं. तू त्याबद्दल एक शब्द काढला नाहीस, तेव्हाही नाही, नंतरही नाही, दवाखान्यातसुद्धा नाही. काढला असतास तर बरं झालं असतं. निदान मी भांडले असते.

सरकारी रुग्णालयातल्या त्वचेच्या डॉक्टरने सांगितलं, लेझरने निघेल, पण सात-आठ वेळा यावं लागेल, प्रत्येक वेळी मध्ये महिना-दीड महिना. तुझ्या हातात सव्वीस दिवस होते. तू विचारलंस, एकदम नाही का होत? त्या डॉक्टरने मान वर करून म्हटलं होतं, "तेज़ाब से करने वाले बैठे हैं बाहर. मत जाना." हे तू मला जेवताना हसत सांगितलंस.

दोन दिवसांनी मैदानाच्या फाटकावर तुझ्या हातात कोणीतरी पिवळं पत्रक दिलं. 'भर्ती से पहले टैटू साफ़. एक ही बार में.' खाली गाझियाबादचा पत्ता. मी जन्मभर पत्रकं वाटत आले, यशू. लोक ती घेतात, घडी घालतात, पुढच्या वळणावर टाकतात. हे एक पत्रक तू जपून खोलीत आणलंस आणि माझ्या टेबलावर ठेवलंस.

माझं म्हणणं ठरलेलं होतं. तू हात उघडा टाकून तपासणीला जायचं. त्यांनी नाकारलं तर लेखी कारण मागायचं. मग अपील, अर्ज, गरज पडली तर कोर्ट. मी रातोरात नाही, त्याच दुपारी पत्रकाचा मसुदा केला. चांगला झाला होता. हातावरच्या पाच पानांनी देशाच्या सुरक्षेला काय धोका आहे, असा सवाल होता त्यात. माझ्या पत्रकांचं हिंदी नेहमी तूच करायचीस, म्हणून मी तो तुला दिला. "यार ताई, लोक बसमध्ये उभं राहून वाचतात, वाक्यं तोड," असं म्हणत तू माझी तीन-तीन ओळींची वाक्यं कापायचीस. माझं लिहिणं लोकांना कळायला लागलं ते तुझ्या कात्रीमुळे, आणि मी त्याबद्दल तुझे आभार मानल्याचं मला आठवत नाही. या वेळी तू पेन उचललं नाहीस. दोनदा वाचलंस.

"मस्त लिहिलंस," तू म्हणालीस. "पण ह्यात माझं वय नाहीये."

"म्हणजे?"

"पुढच्या भरतीला माझं वय बसत नाही. तुझी लढाई दोन-तीन वर्षं चालेल. जिंकशील पण. तोपर्यंत मी काय करू?"

"म्हणून हात जाळून घेणार? त्यांच्यासाठी?"

"माझ्यासाठी. नोकरी मला करायचीय." मग तू आवाज खाली आणलास. "शनिवारी अकराला जाणार आहे. येशील? काही बोलू नकोस, काही करू नकोस. फक्त बाहेर बसायचं."

"त्या दारात मी पाय ठेवणार नाही," मी म्हटलं. "तू वाकतेयस, आणि मी तुझ्या शेजारी बसून ते बघणार नाही."

शुक्रवारी दुपारी तू बाहेरून संदेश पाठवलास: 'उद्या ११ ला. येशील ना? फक्त बसायचं.' खाली दुकानाचा पत्ता. मी उत्तर दिलं: 'प्रश्न तत्त्वाचा आहे.'

शनिवारी तू एकटी गेलीस. दुपारी परत आलीस तेव्हा हाताला पट्टी होती, वरून स्वयंपाकघरातला असतो तसा प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळलेला. मी अबोला धरला होता. खोली एवढीशी, दोन गाद्या, एक शेगडी, आणि आपण चार दिवस एकमेकींशी बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही. तू बोलत होतीस. "ताई, चहा टाकू?" "ताई, दूध संपलंय." मी मानेने उत्तर देत होते.

रविवारी तू पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलास. बाहेर बेचाळीस अंश होतं. सोमवारी तू धावायला गेली नाहीस. त्या दिवशी खोलीत एक वास होता, हळदीचा आणि त्याखाली दुसरा कसला तरी. मी खिडकी उघडली. मंगळवारी तू डाव्या हाताने जेवलीस. मी सगळं पाहत होते, यशू. मला दिसलं नाही असं मी कोणालाही सांगणार नाही. दिसत होतं, आणि आत कुठेतरी असंही वाटत होतं, की आता ही स्वतःहून म्हणेल, ताई, तुझंच बरोबर होतं. मी त्या वाक्याची वाट बघत होते.

बुधवारी सकाळी तू भिंतीला टेकून बसली होतीस. दात वाजत होते. मी शर्टाची बाही वर केली. जिथे वेल होती तिथे काहीच ओळखू येत नव्हतं, आणि तिथून एक लाल रेघ कोपरावरून वर, काखेकडे गेली होती. तू म्हणालीस, "मम्मीला सांगू नको. शुक्रवारपर्यंत उतरेल."

शुक्रवारी तू नव्हतीस. मधल्या दोन दिवसांबद्दल मी इथे लिहिणार नाही. ते मावशीचे आहेत.

तू गेल्यावर आठव्या दिवशी मावशी पोलीस चौकीत गेली. मी सोबत होते. आता बघ, तेव्हा मला सोबत जाता आलं. तिथल्या माणसाने नीट विचारलं, उद्धटपणा केला नाही. "कौन-सी दुकान, माताजी? पर्ची है? लड़की ने किसी को बताया था? किसी ने जाते देखा?" मावशी म्हणाली, नाही, कोणालाच नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या पिशवीत फोन होता, फोनमध्ये तुझा संदेश होता, त्यात वार, वेळ आणि पत्ता होता. आणि त्याच्या लगेच खाली माझं उत्तर होतं. एक दाखवायचं तर दुसरं झाकता येत नाही. मी म्हटलं, "मुझे नहीं पता." त्याने वही मिटली.

त्यानंतर मी एकटीच त्या दुकानात गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. भर दुपारची वेळ, गल्लीत मोबाईलच्या दुकानाशेजारी जिना, वर एक खोली. बाकावर तिघं बसले होते, दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलीने ओढणी दंडावर घेतली होती. सगळे समोरच्या पडद्याकडे बघत होते. पडद्याआडून माणूस बाहेर आला. चाळिशीचा, स्वच्छ शर्ट, हातात मोजे. मी तुझं नाव सांगितलं. तो जराही दचकला नाही.

"मॅडम, बाद में पानी लगा लिया होगा," तो म्हणाला. "सबको बोलते हैं, पानी नहीं लगाना." मग माझ्या दोन्ही हातांकडे बघून विचारलं, "आपको कहाँ का हटवाना है?"

मला ओरडता आलं असतं. मी पत्रकबाई. चौकात उभं राहून मी मंत्र्यांना शिव्या दिल्या आहेत. तिथे मी वळले आणि जिन्याकडे निघाले. मी जिना उतरत असताना वर त्याने पुढचं नाव पुकारलं. ते मुलीचं नाव होतं.

इथपर्यंत लिहून मी तीन दिवस थांबले. काल गाझियाबादला गेले.

मावशी ओट्याशी उभी राहून कोथिंबीर निवडत होती. मी म्हटलं, मावशी, मला माहीत होतं. तिने वर पाहिलं नाही. मी फोन पुढे केला.

"चष्मा नाही माझ्याकडे. तूच वाच."

मी तुझा संदेश वाचला. पत्त्यासकट.

"पुढं काय लिहिलंय?"

"पुढे माझं उत्तर आहे."

"ते वाच."

मी वाचलं. मग तू आधी तोंडीही विचारलं होतंस ते सांगितलं, आणि उजव्या हाताचंही, की तू डाव्या खांद्यावर काढणार होतीस, उजवा मी सुचवला. मावशी कोथिंबीर निवडत राहिली. एकेक काडी, पिवळं पान बाजूला, हिरवं बाजूला. जुडी संपली. तिने देठं गोळा करून टोपलीत टाकली, हात धुतले, पदराला पुसले.

"तिनं दोनदा विचारलं होतं तर," ती म्हणाली.

"हो."

"उद्या चौकीत हेच वाचायचं. असंच. तुझं उत्तरसुद्धा."

"हो, मावशी."

"आणि तिथं रडायचं नाही. रडलं की ते पाणी आणून देतात आणि लिहून घेत नाहीत." ती आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली. "माझ्याशी नंतर बोल, मित्रा. आत्ता बोलू नको."

यशू, तिने मला माफ केलेलं नाही. करेल असं मला वाटत नाही, आणि कर असं मी म्हणणार नाही. आज सकाळी आम्ही दोघी चौकीत गेलो. रिक्षात ती माझ्या शेजारी बसली आणि रस्ताभर बाहेर बघत राहिली. मी वाचलं. दोन्ही संदेश. रडले नाही. त्यांनी लिहून घेतलं, पिवळं पत्रकही घेतलं. मग तोच माणूस म्हणाला, एकाच जबाबावर हे टिकणार नाही, दुकानवाला म्हणेल मुलगी आलीच नव्हती. अजून कोणी गेलेलं असेल तर घेऊन या.

तिथून मी तुझ्या मैदानावर गेले. तुझ्यासोबत धावणारी एक मुलगी मला ओळखते. तिने भिंतीआड नेऊन तिचा हात दाखवला. जळून कातडं चकाकत होतं, पण भरलं होतं. वाचली ती. मी म्हटलं, चौकीत येशील? ती मागे सरकली. "दीदी, मेरा मेडिकल बाकी है." तिच्यासारखी आणखी किती आहेत, विचारलं. तिने मैदानाकडे नुसती मान वळवली. फाटकावर पत्रकं वाटली जात होती. आता ती गुलाबी आहेत.

तुझी बाजू मी शेवटपर्यंत मान्य केली नाही, यशू. आजही तो नियम मला चूक वाटतो आणि त्याविरुद्ध मी लिहीन. वाक्यं तोडून लिहीन. पण आता तुझ्याशी बोलणं थांबवते. वाचणाऱ्यांशी काम आहे.

तुमच्यापैकी काहींच्या घरात भरतीची तयारी करणारी मुलं आहेत. दिल्ली छावणीत आहेत, गाझियाबादला आहेत, मुनिरकाच्या खोल्यांत आहेत. त्यांच्यातल्या कोणाचा हात असा जळला असेल, किंवा कोणी अशा दुकानात जायच्या बेतात असेल, तर येत्या रविवारी सकाळी दहा वाजता गाझियाबादच्या विहारात या. मावशी आणि मी तिथे बसणार आहोत. जळलेल्या हाताला आधी सरकारी रुग्णालयात नेऊ, जबाबाचं नंतर बघू. तपासणी बाकी असल्यामुळे नाव द्यायची भीती वाटत असेल, तर तपासणी झाल्यावर जबाब द्या, पण द्या. आम्हाला अजून दोन जबाब हवेत. दुकान आजही उघडं आहे.

मुलं एकटी येणार नाहीत. ती आधी तुम्हाला विचारतील, दुसरंच काही बोलता बोलता, सहज विचारल्यासारखं: येशील का सोबत? त्या वेळी टॅटूबद्दल तुमचं काय मत आहे ते सांगू नका. चपला घाला आणि निघा.